अळणी आमटीचा दोष कोणाचा?

सायंकाळी सोमाटणे फाट्यावर बसमधून उतरणाऱ्या नोकरदारांच्या मनात पिंपरी किंवा पुण्याचे कार्यालय अद्याप चालूच असते. साहेबांचे शब्द, अडकलेली बढती, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गर्दीत गेलेला तास, हे सारे त्यांच्याबरोबर घरी येते आणि पाटावर बसते. पहिल्या घासालाच निवाडा होतो : ‘आमटी अळणी आहे.’ त्याच पातेल्यातील आमटी मुलांनी मिटक्या मारीत संपविलेली असते. परंतु स्वयंपाक करणारी बाई मुकाट्याने मिठाचे भांडे पुढे सरकविते आणि आपलाच हात चुकला असे धरून चालते.

मावळात तरी या चवीचा दोष धान्याकडे जाऊ नये. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून तयार झालेले व १९८७ मध्ये प्रसारित झालेले ‘इंद्रायणी’ भाताचे वाण वासामुळेच घरोघरी पोहोचले. आपण जिला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वस्तुतः वासच असतो. घास चावताना त्याचा गंध घशाच्या मागील वाटेने नाकात चढतो. पडशाने नाक चोंदले की इंद्रायणी आणि शिधावाटप दुकानातील तांदूळ यांत फारसा भेद उरत नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे. २०२० मध्ये करोनाने असंख्य लोकांचा वास हिरावून नेला तेव्हा त्याचे प्रत्यंतर देशभर आले.

नाक ठीक असूनही चव जाते, तिचा प्रश्न वेगळा. पदार्थ लाळेत विरघळल्यावाचून जिभेवरील रुचिकलिकांना त्याची वार्ता कळत नाही. आणि भीतीने तोंडाला कोरड पडते, हे तर भाषेनेच नोंदवून ठेवले आहे. आपल्या धर्मशास्त्रांत चोरीचा संशय असलेल्याला तांदूळ चावायला लावण्याचे ‘तंडुलदिव्य’ सांगितले आहे. थुंकीत रक्त दिसले किंवा अंग कापू लागले की तो दोषी. भ्यालेल्या निरपराध्याचे तोंडही तितकेच कोरडे पडत असेल, हा विचार त्या न्यायासनांना किती वेळा सुचला असेल कोण जाणे!

लाळेच्याही पलीकडे मज्जासंस्थेतील रसायनांचा संबंध आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये वीस निरोगी माणसांवर केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या, सेरोटोनिनचा प्रभाव वाढविणाऱ्या औषधाची एकच मात्रा दिल्यानंतर त्यांना पूर्वीपेक्षा २७ टक्के कमी साखर आणि ५३ टक्के कमी क्विनीन ओळखता येऊ लागले. मिठाच्या बाबतीत औषधाने फरक पडला नाही. पण ज्यांचा स्वभाव अधिक चिंतातुर होता त्यांची जीभ कडू आणि खारट या दोन्ही चवींना मंद असल्याचे आढळले. वीस माणसे म्हणजे सारे जग नव्हे, हे खरे. तथापि आमटीच्या खटल्यात ही साक्ष नोंदवून घेण्याजोगी आहे.

दुसरा प्रयोग प्रयोगशाळेबाहेरचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या आइस हॉकी सामन्यांनंतर प्रेक्षकांना आइस्क्रीम व लिंबाचे सरबेत चाखावयास दिले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, आनंदी मनाला गोड अधिक गोड आणि आंबट कमी आंबट लागते. आपल्याकडे क्रिकेटचा सामना हरल्यावर घरातला चहा का बिघडतो, याचा उलगडा यातून व्हावा.

चरकाने अरोचकाचे, म्हणजे अन्न न रुचण्याच्या विकाराचे प्रकार सांगताना वात, पित्त, कफ यांच्या जोडीने शोक, भय, लोभ, क्रोध यांनी होणारा मानसिक प्रकार स्वतंत्र मानला आहे. घराघरांत मात्र हा भेद विसरला जातो. निवृत्त झालेले आजोबा किंवा एकट्या पडलेल्या आजी आठवडेच्या आठवडे ‘तोंडाला चव नाही’ म्हणतात. सून लोणचे बदलते, मुलगा शक्तिवर्धक औषधाची बाटली आणतो, शेजारी पित्ताचा काढा सुचवितात. दात, पोट, चालू असलेली औषधे यांची तपासणी व्हावयास हवीच. पण भूक मंदावणे, झोप उडणे आणि कशातच मन न रमणे ही त्रयी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ते नैराश्य असू शकते व त्यावर उपचार आहेत, हे किती घरांत ठाऊक असते? म्हातारपणाचा हट्ट म्हणून ते दुखणे ताटाबरोबर बाजूला सारले जाते, आणि सुनेच्या हाताला चव नाही ही कुजबुज तेवढी नातेवाइकांत पसरते.

दुःखाने चव जाते, हे ज्ञान आपल्या रूढींत मात्र शाबूत आहे. ज्या घरी मृत्यू झाला त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. भावकी किंवा शेजारी पिठले-भाकरी घेऊन येतात. पुष्कळ ठिकाणी स्मशानातून परतलेली माणसे कडुनिंबाचा पाला दाताखाली धरतात. तेथे स्वयंपाकाला कोणी नाव ठेवीत नाही, मीठ कमी पडल्याची तक्रार होत नाही. दिवस उरकल्यावर ‘गोडाचे जेवण’ होते. दुःखिताच्या पानात शिरा किंवा लाडू वाढला जातो, वडीलधारे जवळ बसून आग्रह करतात. तो घास पुष्कळदा ओठांना लावून खाली ठेवला जातो आणि कोणी काही म्हणत नाही.