वाकलेला दांडा
बॅकहोचा बाहू उचलताना अडखळू लागला आणि सिलिंडरच्या तोंडाशी तेलाचा ओघळ दिसू लागला, की पुष्कळ मालक केवळ सील बदलून मोकळे होतात. परंतु मूळ दोष दांड्याच्या वक्रतेत असेल, तर नवे सीलही एका बाजूस घासून अल्पावधीतच निकामी होते. म्हणून दांडा निघेल तितका बाहेर काढून, त्यास सरळ पोलादी पट्टी लावून, मधून प्रकाशाची फट दिसते काय, हे चहूबाजूंनी न्याहाळावे. क्रोमच्या चकाकत्या मुलाम्यावर एकाच अंगाला उमटलेले ओरखडे ही तर या दोषाची बोलकी साक्ष होय.

सिलिंडर उतरवण्यापूर्वी बूम व बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर सर्व दिशांनी हलवून तेलाचा दाब उतरवणे, ही खबरदारी मी सर्वांत निकडीची मानतो. कारण सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून सुटलेली धार त्वचा भेदून आत शिरते, आणि जखम वरून क्षुल्लक दिसली तरी हात गमावण्याची पाळी येऊ शकते. गळती बोटाने चाचपू नये. पुठ्ठा धरून पाहावी.

नवा सिलिंडर मागवताना आतील व्यास, दांड्याची जाडी आणि मिटलेल्या व ताणलेल्या स्थितीत दोन्ही पिनांमधले अंतर कळवावे. बसवल्यावर तो प्रथम भाराविना सावकाश मागेपुढे चालवावा, म्हणजे कोंडलेली हवा टाकीत निघून जाते. मग तेलाची पातळी पुन्हा पाहावी.