घामाचे वीस, जिवाचे हजार

जाळं आणि त्रिशूळ घेऊन लढणाऱ्या रेटिआरियसबद्दल या आठवड्यात लिहीन, असं मी म्हटलं होतं. ते जाळं आणखी आठ दिवस खुंटीलाच राहू दे. कारण साताऱ्याच्या एका वकील वाचकांचं पत्र आलं आणि त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं जिथं मी स्वतः कित्येक वर्षं अडकून पडलेलो आहे. ते लिहितात, 'लानिस्ता ग्लॅडिएटर पुरवतो आणि गावातला एखादा श्रीमंत अधिकारी खेळ भरवतो, असं तुम्ही गेल्या वेळी सांगितलंत. या दोघांमधला व्यवहार कायद्याच्या भाषेत नक्की कोणता? भाड्याचा की विक्रीचा?'

वकीलसाहेब, हाच प्रश्न रोमन कायद्याच्या एका शिक्षकानं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. त्याचं नाव गायस. १६१ सालाच्या सुमारास त्यानं नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी 'इन्स्टिट्यूट्स' हे पाठ्यपुस्तक तयार केलं. ते आपल्या हाती कसं लागलं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८१६ मध्ये इतिहासकार निबूर प्रशियाचा राजदूत म्हणून रोमला निघाला होता. वाटेत वेरोनाला तो कॅथेड्रलच्या ग्रंथालयात शिरला. तिथल्या एका हस्तलिखितात संत जेरोमची पत्रं होती आणि त्या अक्षरांच्या खाली दुसरीच अक्षरं पुसट दिसत होती. चर्मपत्र महाग असायचं, म्हणून जुना मजकूर खरवडून काढायचा आणि त्यावर नवा लिहायचा, ही तेव्हाची पद्धत. खरवडलेला तो मजकूर म्हणजे गायसचं पुस्तक. शेकडो वर्षं ते संताच्या पत्रांखाली झाकलेलं होतं.

त्याच्या तिसऱ्या भागात, विक्री आणि भाडं यांतला फरक समजावताना, गायस एक उदाहरण देतो. समजा, मी तुम्हाला काही ग्लॅडिएटर दिले. अट अशी की, जो धडधाकट परत येईल त्याच्या घामाबद्दल मला वीस दिनारियस द्यायचे, आणि जो मरेल किंवा कायमचा जायबंदी होईल त्याचे हजार द्यायचे. मग ही विक्री की भाडं? बहुतेकांचं मत असं की, जे धडधाकट परतले ते भाड्यानं दिले होते आणि जे मेले किंवा अपंग झाले ते विकले होते. यातलं काय झालं, हे लढत संपल्यावर ठरणार. प्रत्येक माणसाचा सौदा सशर्त.

हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो. सकाळी आखाड्याच्या दारातून आत जाणारा माणूस भाड्याचा आहे की विकलेला, हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही, आणि संध्याकाळी ते त्याच्या अंगावरच्या जखमांवरून ठरतं. यात क्रूर काही आहे असं गायसला वाटलेलं दिसत नाही. त्याला हे उदाहरण सोपं वाटलं, म्हणून त्यानं ते घेतलं. विद्यार्थ्यांना असले करार घरच्या व्यवहारांइतके ओळखीचे असणार, म्हणूनच ते वर्गात चाललं.

आता जरा हिशेब मांडू. त्या काळात रोमन पायदळातल्या साध्या सैनिकाचा पगार वर्षाला ३०० दिनारियस होता. म्हणजे वीस दिनारियस हा त्याचा महिन्याभराचाही पगार नाही, आणि हजार म्हणजे तीन वर्षांहून अधिक कमाई. धडधाकट माणूस आणि मेलेला माणूस यांच्या किमतीत पन्नास पट फरक. हरलेला ग्लॅडिएटर बोट वर करून दयेची याचना करतो, प्रेक्षक आरडाओरडा करतात, आणि निर्णय असतो खेळ भरवणाऱ्याच्या हाती. त्या माणसाच्या डोक्यात हा पन्नास पटींचा हिशेब चालू असतोच. प्रेक्षकांना खूश करायचं तर हजार मोजायचे, नाहीतर वीसवर भागवायचं. चित्रपटांत दर लढतीअंती मुडदा पडतो, ते म्हणूनच पटत नाही. ऑगस्टसनं तर हरलेल्याला जीवदानाची वाटच न ठेवणाऱ्या लढतींवर बंदी घातली होती.

पाँपेईच्या नुचेरिया वेशीबाहेरच्या एका थडग्यावर हे रेखाटनासकट पाहायला मिळतं. मार्कस अटिलियस नावाचा नवखा पोरगा पहिल्याच लढतीत हिलारसच्या समोर उभा राहिला. हिलारस हा नीरोच्या तालमीतला, चौदा लढतींचा अनुभवी गडी. नवखा जिंकला. हिलारसच्या चित्राशेजारी एकच अक्षर खरडलेलं आहे, म्हणजे 'मिस्सुस'चं आद्याक्षर. मिस्सुस म्हणजे सोडून दिलेला. तो हरला आणि जिवंत घरी गेला.

पत्रातल्या प्रश्नाला एक शेपूट राहतं, आणि माझ्या मते खरी गोम तिथंच आहे. या करारात ग्लॅडिएटर स्वतः कुठे आहे? गायसच्या उदाहरणात तो पक्षकार नाहीच. तो व्यवहारातला माल आहे. गुलामाच्या बाबतीत हे समजण्यासारखं, पण आखाड्यात उतरणारे सगळे गुलाम नव्हते. काही जन्मानं स्वतंत्र नागरिक होते आणि स्वतःच्या पायांनी चालत तालमीत आले होते. अशा माणसाला ऑक्टोराटुस म्हणत. तो ट्रिब्यून या अधिकाऱ्यासमोर जाऊन आपण लढायला तयार आहोत असं जाहीर करायचा आणि मग शपथ घ्यायचा. डागणं, बांधणं, फटके मारणं आणि पोलादानं मारलं जाणं, हे सगळं सोसायची ती शपथ. नागरिकाच्या अंगाला दंडुका लावायलाही रोमन अधिकाऱ्याला विचार करावा लागे, आणि हा माणूस तो अधिकार आपल्या तोंडानं सोडून देत होता.

त्याबद्दल त्याला मिळायचं काय? स्पेनमध्ये सेव्हिलजवळच्या इटालिका इथं १८८८ मध्ये एक मोठा ब्राँझचा पत्रा सापडला. त्यावर मार्कस ऑरेलियसच्या काळातला, १७७ सालाचा सिनेटचा ठराव कोरलेला आहे. ग्लॅडिएटरांच्या किमती भडकल्यामुळे गावोगावच्या खेळ भरवणाऱ्यांचं दिवाळं निघत होतं, म्हणून सिनेटनं कमाल दर बांधून दिले. स्वेच्छेनं येणाऱ्या स्वतंत्र माणसाची किंमत २,००० सेस्टर्स. चार सेस्टर्सचा एक दिनारियस, म्हणजे ५०० दिनारियस. एकदा सुटका होऊन तोच माणूस पुन्हा आखाड्यात उतरला, तर १२,००० पर्यंत. सहापट! सुटलेला माणूस परत येत होता, हे या एका कलमावरून उघड होतं. आणि बक्षिसातला वाटा? स्वतंत्र लढवय्याला चौथा, गुलामाला पाचवा. रोमन समाजानं स्वतंत्र आणि गुलाम यांच्यात घातलेली सगळी भिंत इथं पाव आणि एक पंचमांश यांतल्या फरकाएवढी पातळ झालेली आहे. याच ठरावात सम्राटाच्या तिजोरीनं ग्लॅडिएटरांच्या व्यापारावरचा कर सोडून दिल्याची नोंद आहे, आणि कारण दिलंय ते माणसांच्या रक्ताचा डाग लागलेला पैसा नको हे. पैसा डागाळलेला असल्याचं सिनेटनं मान्य केलं आणि खेळ चालू ठेवले.

डाग हा शब्द इथं महत्त्वाचा. रोमन कायद्यात त्यासाठी 'इन्फामिया' ही संज्ञा होती, म्हणजे कायद्यानं लागलेली बदनामी. नट, वेश्या, कुंटणखान्याचा मालक, लानिस्ता आणि पैसे घेऊन लढणारा ग्लॅडिएटर हे सगळे एका रांगेत. दक्षिण इटलीतल्या हेराक्लिया इथल्या ब्राँझपटावर नगरपरिषदेत कोणाला बसता येणार नाही याची यादी आहे. तिच्यात दिवाळखोर आणि चोर यांच्याबरोबर लढण्यासाठी स्वतःला भाड्यानं दिलेला माणूसही आहे. गुलामाची गत आणखी वाईट. शिक्षा म्हणून तालमीत धाडलेला गुलाम पुढे मालकानं मुक्त केला, तरी इसवी सन ४ च्या कायद्यानं त्याला नागरिकत्व कधीच मिळायचं नाही. रोमपासून शंभर मैलांच्या आत राहायलाही त्याला बंदी. रोमन मैलाच्या हिशेबानं हे अंतर जवळजवळ १५० किलोमीटर, आपल्या मुंबई-पुण्याएवढं. मोडला नियम, तर पुन्हा विक्री.

आणि याच माणसाच्या रक्ताला औषध म्हणून मागणी होती. अपस्माराचे रोगी ग्लॅडिएटरचं ऊन रक्त प्यायचे, असं थोरल्या प्लिनीनं लिहून ठेवलंय. नववधूचा भांग भाल्याच्या टोकानं पाडायचा रोमन रिवाज होता. त्यासाठी ग्लॅडिएटरच्या देहात रुतलेला भाला शुभ समजला जाई. नगरपरिषदेच्या बाकावर ज्याची सावली नको, त्याच्या अंगातून काढलेला भाला लग्नघरात हवा. पाँपेईच्या भिंतींवर सेलाडस नावाच्या लढवय्याचं कौतुक खरडलेलं आहे, पोरी त्याच्यासाठी उसासे टाकतात म्हणून.

वरच्या वर्गातल्या तरुणांनाही या बदनामीचं आकर्षण वाटत होतं. इटलीतल्या लारिनो गावी मिळालेल्या पत्र्यावर १९ सालचा सिनेटचा ठराव आहे. सिनेटरांच्या आणि अश्वारूढ वर्गाच्या मुला-नातवंडांनी रंगमंचावर किंवा आखाड्यात उतरू नये, वीस वर्षांखालच्या स्वतंत्र मुलीनं आणि पंचवीस वर्षांखालच्या स्वतंत्र मुलानं स्वतःला असं भाड्यानं देऊ नये, असं त्यात आहे. अशी बंदी याआधी ११ सालीही घातलेली होती. आठ वर्षांत तोच नियम पुन्हा सांगावा लागतो तेव्हा तो किती पाळला जात होता, ते वाचकांनीच ठरवावं. कर्जानं पिचलेले काही जण असतील, टाळ्यांचे भुकेले काही असतील. मला वाटतं, बरेचसे दोन्ही असावेत.

बदनामी मेल्यावरही सुटायची नाही. उत्तर इटलीतल्या सार्सिना गावात होराशियस बाल्बस नावाच्या गृहस्थानं स्वतःची जमीन गावकऱ्यांना दफनभूमीसाठी दिली. प्रत्येकाला दहा फूट रुंद आणि दहा फूट लांब जागा. अशा दानाबद्दल कुणालाही आदर वाटेल. पण शिलालेखात अपवाद कोरलेले आहेत. गळफास घेऊन मेलेले, घाणेरडा धंदा करणारे, आणि ऑक्टोराटुस म्हणून स्वतःला बांधून घेतलेले, यांना ही जागा नाही.

मग त्यांचे दगड उभे केले कुणी? तालमीतल्या सोबत्यांनी आणि बायकांनी. सिसिलीत पालेर्मोला फ्लामाचा दगड आहे. जन्मानं सीरियन, वय ३०, लढती ३४. त्यांत २१ जिंकल्या, ९ बरोबरीत सुटल्या, ४ वेळा हरून जीवदान मिळालं. खाली, डेलिकाटुस या साथीदारानं हा दगड उभारला, असं लिहिलेलं आहे. दोघं कदाचित एकमेकांसमोरही उभे राहिले असतील, कारण एकाच तालमीतल्या दोघांची जोडी लावणं काही नवलाचं नव्हतं.

आणि मिलानचा उर्बिकस. हा मूळचा फ्लॉरेन्सचा, सेकुटोर या प्रकारातला पहिल्या दर्जाचा लढवय्या. वयाच्या बाविसाव्या वर्षी मेला, तोवर तेरा लढती झाल्या होत्या. दगडावर त्याचं चित्र आहे आणि जवळ एक छोटा कुत्रा. दगड उभारणाऱ्यांत बायको लॉरिचिया आहे. सात वर्षांचा संसार, म्हणजे लग्न झालं तेव्हा तो पंधराचा. मागे राहिलेली मुलगी ओलिंपियास पाच महिन्यांची. त्याचे चाहते त्याच्या आत्म्याची आठवण ठेवोत, असंही लिहिलंय, आणि त्याच लेखात वाचणाऱ्याला एक ताकीद दिलेली आहे. ज्याला हरवाल त्याला ठार करा, अशा अर्थाची.

उर्बिकसनं कधीतरी हरवलेल्या कुणाला तरी सोडून दिलं आणि पुढे त्याच माणसाच्या हातून तो मेला, असाच या ताकिदीचा अर्थ मी लावतो. तसं असेल तर त्या पहिल्या दिवशी खेळ भरवणाऱ्याचे हजार वाचले, लानिस्ताला त्याचे वीस मिळाले आणि त्याचा माणूसही परत मिळाला. गायसच्या हिशेबात सगळं चोख बसलं. लॉरिचियाच्या हिशेबात ते बसलं नाही, आणि तिनं तसं दगडावर कोरून घेतलं.

वकीलसाहेब, तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर गायसनं दिलेलंच आहे. पण वाचकांपैकी कुणी मिलानला जाणार असेल, तर मोठ्या चर्चच्या छतावर चढण्याआधी उर्बिकसच्या त्या दगडापाशी थोडा वेळ थांबावं आणि कुत्रा पाहायला विसरू नये. रेटिआरियसचं जाळं पुढच्या आठवड्यात नक्की उतरवू.