बोलता आलं, म्हणजे भाषा आली?

२०१५च्या सुमारास सीरियातलं युद्ध मागे टाकून हजारो मुलं जर्मनीत पोहोचली. बर्लिनमध्ये त्यांच्यासाठी 'स्वागत वर्ग' होते: आधी जर्मन शिका, मग नेहमीच्या वर्गात जा.

नव्या भाषेत अचानक येऊन पडलेली बरीच मुलं सुरुवातीला काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. त्या काळात ती ऐकत असतात, शब्द साठवत असतात. त्यांना बोलण्याची सक्ती केली की भीती वाढते. युद्धाचा ताण असेल, तर लक्ष आणि स्मरणशक्तीवरही परिणाम होतो.

पुढे मूल मैदानावर सफाईदार बोलू लागतं आणि मोठ्यांची फसगत होते. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं, की गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकाच्या भाषेला पाच ते सात वर्षं लागतात. खेळताना हावभाव मदतीला असतात, शाब्दिक गणितात फक्त शब्द.

मातृभाषा इथे अडसर नसते. अपूर्णांक अरबीत समजलेल्या मुलाला जर्मनमध्ये केवळ नवे शब्द शिकायचे असतात. म्हणून पालकांना 'घरी तुमची भाषा बंद करा' असा सल्ला शिक्षकांनी कधीच देऊ नये.