अहमदाबादच्या जुन्या शहरात घर घ्यावं का?

अहमदाबादचं कोटाच्या आतलं शहर २०१७ साली जागतिक वारसा यादीत आलं. साबरमतीपलीकडे लोक निघून गेले आणि तिथल्या पोळ ओस पडत गेल्या. आता काही घरांची दुरुस्ती होते आहे, तेव्हा ‘तिथं घर घ्यावं का?’ असा प्रश्न येतो.

पोळ म्हणजे सहसा दरवाजा असलेली, दुतर्फा घरांची अरुंद गल्ली. भिंती सामायिक, तुळया लाकडी, अनेक घरांत चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं. शेजाऱ्याच्या तुळईला वाळवी लागली की ती तुमचीही काळजी झाली! म्हणून आधी भिंती बघा. मग कागद बघा: वारस किती, जुना भाडेकरू आहे का, वारसा-श्रेणीमुळे कोणते बदल करता येणार नाहीत.

पण खरा प्रश्न त्यापुढचा आहे. भाव वाढेल म्हणून सगळ्यांनीच घरं घेऊन कुलपं लावली, तर ज्या वस्तीमुळे भाव यायचा ती वस्तीच उरत नाही. प्रत्येकाचा हिशेब बरोबर, बेरीज मात्र चुकते. तेव्हा स्वतःला विचारा: वीस वर्षं भाव हललाच नाही, तरी मी इथं राहीन का? मनापासून ‘हो’ आलं, तर घ्या. नाहीतर पैसे दुसरीकडे गुंतवा.