आघातग्रस्तांसाठी पिल्लू सांभाळायचे तर…



रात्री अडीच वाजता बाई किंचाळत उठते. घर जाळले त्याला कित्येक वर्षे झाली, पण तिच्या शरीराला ते पटत नाही. छाती धडधडते, घाम फुटतो, नजर दाराच्या कडीवर खिळते. वॉर्डात रात्रपाळी करताना आणि पुढे वस्त्यांमध्ये फिरताना अशी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. ही बाहेरची बाधा नाही आणि नाटकही नाही. आघातानंतर जडणाऱ्या या मानसिक आजाराला पीटीएसडी म्हणतात. समुपदेशन आणि औषधे हा त्यावरचा मुख्य उपचार. काही देशांत त्याला प्रशिक्षित कुत्र्याची जोड देतात.

हा कुत्रा करतो काय?

मालकाला वाईट स्वप्न पडले की तो त्याला नाकाने ढोसून जागे करतो. भीतीचा झटका आला की मांडीवर अंग टाकून दाब देतो. गर्दीत मालकाच्या मागे उभा राहतो, म्हणजे कोणी एकदम अंगावर येत नाही. त्याच्या सोबतीने लक्षणे कमी होतात, असे अभ्यास सांगतात. पण कुत्रा आला म्हणून औषध बंद करायचे नसते.

पिल्लू वाढवते कोण?

पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा जर्मनीत १९१६ साली निघाली. पुढे अमेरिकेत अशी पिल्ले स्वयंसेवकांच्या घरी वाढवण्याची पद्धत रुजली. साधारण आठ आठवड्यांचे पिल्लू घरी येते, वर्ष-दीड वर्ष राहते आणि मग प्रशिक्षकाकडे परत जाते.

त्यासाठी बंगला लागत नाही. न्यूयॉर्क राज्यात बेडफर्ड हिल्स येथील स्त्रियांच्या तुरुंगात १९९७ पासून कैदी महिला पिल्ले वाढवतात. त्यांतली काही पीटीएसडी झालेल्या माजी सैनिकांकडे जातात. समाजाने ज्यांना ओवाळून टाकले, त्यांच्याच हातून हे काम होते.

आपला काय संबंध?

वस्तीतल्या बैठकीत एका मावशींनी आम्हाला सुनावले, "चवदार तळ्यावर कुत्र्याला पाणी होतं, आपल्याला नव्हतं. आता त्याचंच कौतुक सांगता का?" प्रश्न रास्त आहे. त्याच पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला. पण इथे कुत्र्याला माणसाच्या वर बसवायचे नाही, त्याला माणसाच्या कामी आणायचे आहे. आणि आघात आपल्या वाट्याला कमी आलेले नाहीत. २००६ चे खैरलांजी नागपूरपासून दूर नाही. आरोपपत्र, खटला, निकाल यांवर आपण बोलतो. मागे राहिलेल्यांच्या झोपेवर फारसे कोणी बोलत नाही.

मुंबईची अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था प्रशिक्षित कुत्र्यांच्या मदतीने उपचाराचे काम करते. असा थेरपी कुत्रा भेटीला येतो आणि परत जातो. सहाय्यक कुत्रा मात्र एकाच माणसाजवळ राहतो. त्यासाठी घरोघरी पिल्ले वाढवण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजायची आहे. ती रुजवायची तर आधी घरे तयार हवीत.

घराने काय करायचे?

- खाणे, फिरणे, झोपणे यांच्या वेळा ठरवा. घरातल्या सर्वांनी आज्ञेसाठी एकच शब्द वापरावा.
- मारू नका, ओरडू नका. मार खाल्लेला कुत्रा स्वतःच भेदरतो. तो भेदरलेल्या माणसाला काय आधार देणार?
- बस, बाजार, जिना, कुकरची शिट्टी यांची ओळख हळूहळू करून द्या. डीजे आणि फटाक्यांपासून पिल्लाला लांब ठेवा.
- नागपूरच्या उन्हाळ्यात डांबरी रस्त्याने त्याचे पाय पोळतात. पहाटे आणि दिवस मावळल्यावर रस्ता निवला की फिरवा.
- लसी वेळेवर द्या. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांनी, पुढच्या डॉक्टर सांगतील तशा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येते.
- कुठल्याही कुत्र्याचा दात किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठा आणि लसीचे सर्व डोस पूर्ण करा.

संस्थेकडून पिल्लू घेण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: खाण्याचा व औषधाचा खर्च कोण करणार, प्रशिक्षक किती वेळा येणार आणि पिल्लू परत कधी न्यायचे. सगळीच पिल्ले या कामाला उतरत नाहीत. त्यात घराची चूक नसते.

सर्वांत अवघड दिवस निरोपाचा. मुले रडतील. पिल्लू आल्या दिवसापासून त्यांना सांगत राहा, की हे आपले नाही, कोणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसाचे आहे.

आणि आज तुमच्या घरात कोणी रात्र रात्र जागत असेल, तर कुत्र्याची वाट पाहू नका. टेलिमानस १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन विनामूल्य आहे. मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. तो मागायला लाजायचे कारण नाही.