टाके किती पडले?

ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला भेटायला आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यातली मंडळी जमली की पहिला प्रश्न ठरलेला: टाके किती पडले? आजाराचं नाव मागाहून. आकडा मोठा, तर दुखणं मोठं, डॉक्टर मोठा आणि खर्चही मोठा. यकृत प्रत्यारोपणाच्या साठ वर्षांकडे वळून बघताना मला हाच प्रश्न कामाचा वाटतो, कारण या शस्त्रक्रियेचा बराचसा इतिहास पोटावरच्या रेघांत लिहिलेला आहे.

सुरुवात १ मार्च १९६३ ची, अमेरिकेतल्या डेन्व्हरची. थॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या एका मुलाचं यकृत बदलायला घेतलं. रक्तस्राव थांबला नाही आणि मूल टेबलावरच गेलं. रोगी वर्षभर जगला असं यश यायला १९६७ उजाडलं. रक्त एवढं का जातं हे कळलं, की काप एवढा मोठा का घेत होते तेही कळतं. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होतं, त्यातून जाणारं रक्त अडतं आणि आडवाटा धरतं. पोटाच्या भिंतीतल्या एरवी सुतासारख्या शिरा त्यानं टम्म फुगतात. रक्त गोठवणारी बहुतेक द्रव्यं यकृतच तयार करतं आणि निकामी झालेलं असतं तेच. म्हणजे कातडीला सुरी लागली, की तिथूनच वाहायला सुरुवात. शिवाय हा सव्वा-दीड किलोचा अवयव उजव्या बरगड्यांच्या आड दडलेला. त्याच्या मोठ्या शिरा श्वासपटलाच्या अगदी खाली महाशिरेला मिळतात. तिथवर सर्जनचा हात पोचला नाही, तर बाकीचं कौशल्य फुकट.

म्हणून मर्सिडीज काप आला. दोन्हीकडच्या बरगड्यांखालून दोन तिरप्या भुजा, आणि जिथे त्या मिळतात तिथून छातीच्या हाडाकडे जाणारी तिसरी. केंब्रिजच्या रॉय कॅल्न यांच्या नावाशी हा काप जोडला जातो. (ती गाडी आमच्या फाट्यावर दिसणं मुश्कील, तिची चांदणी मात्र पोटावर घेऊन येता येते.) सर्जनला सगळं लख्ख दिसायचं. किंमत रोग्यानं नंतर मोजायची. पोटाचे दोन्ही उभे स्नायू कापलेले, संवेदनेच्या नसा तुटल्यानं कातडी बधिर, आणि तीन भुजा मिळतात त्या चौकात रक्तपुरवठा कमी. जखम कच्ची राहायची ती तिथेच. त्यात नवं यकृत शरीरानं नाकारू नये म्हणून स्टेरॉइड, म्हणजे जखम भरणं आणखी लांबणार. काही महिन्यांनी त्या जागी हर्निया फुगायचा, आणि जाळी बसवायला दुसरं ऑपरेशन.

जपानच्या मासातोशी माकुउची यांच्या नावानं ओळखला जाणारा इंग्रजी ‘जे’सारखा काप इथे उपयोगी पडला. छातीच्या हाडापासून सरळ खाली यायचं आणि बेंबीच्या वर उजवीकडे वळायचं. डावा स्नायू शाबूत राहतो, तीन तोंडांचा तो चौकच उरत नाही. हर्नियाही कमी झाले. एक भुजा वगळायला एवढी वर्षं लागली, याचं मला नवल वाटत नाही. रोगी जगतो की नाही हाच प्रश्न असताना त्याच्या पोटाच्या भिंतीची काळजी कोण करणार?

खरा फरक पडला तो जिवंत दात्यामुळे. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीत भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं: कांचीपुरमचं दीड-दोन वर्षांचं मूल, आणि यकृताचा भाग देणारे त्याचे वडील. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर यकृतच मिळतं, तेव्हा ‘काळजाचा तुकडा’ इथे शब्दशः खरा. आपल्याकडची बहुसंख्य यकृतं आजही अशी जिवंत नातलगांकडूनच येतात. कालपर्यंत कामावर जाणाऱ्या धडधाकट माणसाच्या पोटावर केवढा काप द्यायचा, हा प्रश्न मर्सिडीजच्या जमान्यात कुणाला पडला नव्हता.

उत्तर टप्प्याटप्प्यानं आलं. बऱ्याच दात्यांना आता वरच्या पोटावर एकच उभा काप पुरतो. २००२ मध्ये पॅरिसच्या डॅनिएल शेर्की यांनी मुलांसाठी आईबापांच्या यकृताचा डावा भाग दुर्बिणीनं काढल्याचं प्रसिद्ध केलं. कोरियातल्या सर्जनांनी पुढे उजवा, मोठा भागही तसाच काढायची सवय लावली. मग रोबो आला. छोट्या भोकांतून आत काम करायचं आणि सुटा केलेला भाग ओटीपोटावरच्या आडव्या कापातून बाहेर घ्यायचा. हा काप फानेनस्टील यांनी १९०० मध्ये सांगितलेला; आपल्या आयाबाया त्याला सिझरचा म्हणून ओळखतात. एखाद्या आईच्या बाबतीत ज्या वाटेनं लेकरू आलं, त्याच वाटेनं त्याच्यासाठी काळीजही निघतं.

घेणाऱ्याचा काप मात्र अजून मोठाच आहे. रियाधमध्ये २०२३ साली संपूर्ण प्रत्यारोपण रोबोनं झालं, पण ते रोजचं व्हायला वेळ लागेल. फुगलेल्या शिरा आजही १९६३ सारख्याच वाहतात. दात्यांचे काप तेवढे लहान होत गेले. तरी लिव्हर बदलायचं, तर जऊळक्याच्या माणसाला मुंबई-नागपूरसारखं मोठं शहर गाठावं लागतं.