आजीचा आवाज, तीन मिनिटांत

वर्गात संगणक आला, पाठोपाठ मोबाईल आला. त्यांवर मुलांना काय दाखवावे याची चर्चा आम्ही पुष्कळ केली. मुलांनी त्यांवर काय सांगावे, हा प्रश्न मात्र फार उशिरा सुचला. डिजिटल कथाकथनाकडे आम्ही वळलो ते त्या प्रश्नामुळे.

कॅलिफोर्नियात १९९० नंतरच्या दशकात जो लॅम्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत रुजविली. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजातील दोन ते पाच मिनिटांची गोष्ट आणि तिला जोडलेली मोजकी छायाचित्रे, एवढेच तिचे भांडवल. आम्ही क्रम ठरविला तो असा : आधी कागद, मग आवाज, चित्र सर्वांत शेवटी. चित्रांपासून आरंभ केला की मुले इंटरनेटवरील दृश्ये गोळा करीत बसतात आणि गोष्ट हरवते.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. पुराविषयी लिहा म्हटले की पहिल्या खर्ड्यात बहुतेकांची तीच गाडी येते, दूरदर्शनवर पाहिलेली. 'तुझ्या घरात पाणी कुठवर आले होते?' असे विचारल्यावर दुसऱ्या खर्ड्यात भिजलेले पीठ येते, पत्र्याच्या पेटीतील रेशनकार्ड येते. गोष्ट तेथून सुरू होते. उल्हासनगरची छावणी असो वा शके ९८२ चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवालय, माहितीपुस्तकातील उतारा आम्ही स्वीकारीत नाही.

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओ लागत नाही. वर्गाच्या उघड्या भिंतींवर आवाज घुमतो. वसतिगृहातील गाद्या रचलेल्या खोलीत तो स्वच्छ येतो. लोकल गेली की थांबायचे, पुन्हा वाचायचे. अडखळलेली वाक्ये 'ऑडॅसिटी' या विनामूल्य प्रणालीत कापता येतात. मात्र घरच्या बोलीतील शब्द 'शुद्ध' करण्यासाठी कात्री चालवायची नाही, असा आमचा दंडक आहे. त्यावर आमच्यातही वाद झाले, हे नमूद करावयास हवे.

एक चूक आमच्या पदरी आहे. पालकभेटीच्या एका रविवारी एका विद्यार्थ्याच्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. त्यांत बाबासाहेब होते. मुद्रण एकाच मोबाईलमध्ये राहिले. तो बिघडला, आणि पुढच्या पावसाळ्यात आजी गेल्या. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या भीम-ओव्याही त्यांत आहेत. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकता येतात. आमच्या हातून मात्र एका आजींचा आवाज जपला गेला नाही. तेव्हापासून प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती होतात : शाळेच्या संगणकावर, वेगळ्या हार्डडिस्कवर आणि कुटुंबाकडे.

संमतीचा मुद्दाही असाच अनुभवातून कळला. वडिलांच्या बेकारीवर मुलाने मनापासून केलेली गोष्ट स्नेहसंमेलनात दाखवावी, असे आम्हांस वाटले. आईने नको म्हटले. ती गोष्ट वर्गातच राहिली. मुलाने सांगितली म्हणून ती एकट्या मुलाची होत नाही. आता पडद्यावर आणण्यापूर्वी घरच्यांना पूर्ण ऐकवितो, आणि त्यांनी सांगितलेला भाग वगळतो.

पालकभेटीच्या दिवशी गाद्यांची खोली आता मुद्रणासाठी मोकळी ठेवलेली असते. माजी विद्यार्थ्यांनी येताना घरातील वडीलधाऱ्यांना सोबत आणावे. जुनी छायाचित्रे असल्यास तीही आणावीत. प्रत काढून मूळ छायाचित्र त्याच दिवशी परत केले जाईल.